कापून टाकलेला प्रश्न

प्रिय मॅक्लेन आणि चॅपमन वे,



रजनीशांच्या ऑरेगनमधल्या कम्यूनवरची तुमची माहितीपट-मालिका ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ मी चार वेळा पाहिली. पहिल्यांदा २०१८ च्या मार्चमध्ये, नेटफ्लिक्सवर आली त्याच आठवड्यात, दोन रात्री जागून. दुसऱ्यांदा वही घेऊन. तिसऱ्यांदा आवाज बंद करून, कारण मी पुण्यात माहितीपटांचं संकलन करते आणि दुसऱ्या संकलकाचा हात ओळखायचा तर आवाज बंद करावा लागतो. चौथ्यांदा मात्र मी एकच गोष्ट शोधत बसले होते: मुलाखत घेणाऱ्याचा, म्हणजे तुमचा आवाज. रजनीशांच्या त्या काळच्या सचिव मा आनंद शीला बोलतात, रजनीशांचे वकील बोलतात, कम्यूनशेजारच्या अँटिलोपचे गावकरी बोलतात, सरकारी वकील बोलतात. पण त्यांना कोणी काय विचारलं म्हणून ते हे बोलले, ते सहा भागांत जवळजवळ कुठेच ऐकू येत नाही.

हे पत्र त्या न ऐकू आलेल्या आवाजाबद्दल आहे.

आधी माझा या गोष्टीशी काय संबंध ते सांगते. माझ्या मामांचं रास्ता पेठेत शिवणकामाचं दुकान होतं. सत्तरच्या दशकात कोरेगाव पार्कातल्या आश्रमातले गोरे संन्यासी तिथे झगे शिवायला यायचे. कापड त्यांचं, शिलाई मामांची. मामांना इंग्रजी येत नव्हतं. मापाची टेप गळ्यात अडकवून ते सरळ मराठीत विचारायचे, “सैल ठेवू का?” आणि समोरचा जर्मन नाहीतर इटालियन माणूस हसून मान हलवायचा. १९८१ च्या उन्हाळ्यात रजनीश अमेरिकेला गेले, आणि थोड्याच दिवसांत झगे शिवून घेणारं कोणी उरलं नाही. दुकानात केशरी दोऱ्याची रिळं तशीच राहिली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरलेली. पुढची कितीतरी वर्षं आमच्या घरातल्या उशांच्या पांढऱ्या अभ्र्यांना केशरी टाके असायचे. आई म्हणायची, दोरा चांगला आहे, टाकून कसा द्यायचा?

ऑरेगनच्या त्या ६४ हजार एकरांच्या रँचवर रजनीशपुरम नावाचं शहर उभं राहताना तुम्ही दाखवलंत, तेव्हा मला तो डबा आठवला. तुमच्यासाठी गोष्ट तिथे सुरू होते. आमच्यासाठी ती तिथे अर्ध्यावर आलेली होती.

तुमच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि तो आधी नोंदवायला हवा. ऑरेगन हिस्टॉरिकल सोसायटीतल्या सुमारे ३०० तासांच्या जुन्या फिती तुम्ही पाहिल्यात. तेवढं फुटेज नुसतं लॉग करायला माणसाची पाठ आणि डोळे कसे जातात, ते मला ठाऊक आहे. आणि त्यातून तुम्ही सोपी गोष्ट काढली नाहीत. वेडा गुरू, भोळे भक्त, शहाणे गावकरी, अशी मांडणी करणं अगदी हाताशी होतं. त्याऐवजी तुम्ही ऑरेगनच्या लोकांचा द्वेषही दाखवलात. लाल कपड्यांतल्या माणसांना मेलेलं पाहण्याच्या इच्छा टोप्यांवर आणि पाट्यांवर लिहून मिरवणारी माणसं दाखवलीत. १९८३ साली पोर्टलंडमधल्या हॉटेल रजनीशमध्ये बॉम्ब फुटला, त्यानंतर संन्याशांनी बंदुका घेतल्या, हा क्रम तुम्ही नीट राखलात. तो क्रम उलटा झाला असता तर सगळ्या गोष्टीचा अर्थ बदलला असता. पन्नासही वस्ती नसलेल्या, बहुतेक निवृत्त माणसांच्या अँटिलोपला एका रात्री आपलंच गाव परकं कसं झालं, हेही तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकवलंत. दोन्हीकडच्या भीतीला जागा दिलीत. अमेरिकेतल्या माहितीपटात भारतातून आलेल्या गुरूच्या अनुयायांना इतकं माणसासारखं वागवलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

त्यामुळे माझी तक्रार नावडीतून आलेली नाही. तुमचा कट चांगला आहे, म्हणूनच हे लिहावंसं वाटलं.

निवेदक ठेवायचा नाही, निकाल द्यायचा नाही, ज्याची त्याची बाजू ज्याला त्याला सांगू द्यायची: तुमच्या मालिकेचा हा नियम पडद्यावर स्पष्ट दिसतो. हा नियम मीही पाळला आहे. आमच्या धंद्यात नवीन पोरांना पहिल्या महिन्यात शिकवतात की बाइटमधून, म्हणजे मुलाखतीच्या तुकड्यातून, प्रश्न काढून टाक, उत्तर स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. मग आम्ही प्रश्न कापतो. सुरुवातीचं “हो, म्हणजे काय झालं की” कापतो. माणसाने उत्तर द्यायला घेतलेला वेळ कापतो. उरतं ते एक सलग, ठाम, गोळीबंद वाक्य. त्या वाक्याला प्रश्नाचा वासही राहत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस आठवण सांगतो आहे. प्रत्यक्षात तो उलटतपासणीला उत्तर देत असतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याला कोणी काही विचारलेलंच नसतं. पडद्यावर या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. प्रश्न विचारला होता आणि उत्तर चुकवलं गेलं, की प्रश्न विचारलाच नव्हता, हे प्रेक्षकाला कळायचा एकमेव मार्ग आम्ही संकलकच बंद करून टाकतो.

याची किंमत मला एकदा मोजून दाखवली गेली.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या संस्थापकावरची फिल्म माझ्याकडे संकलनाला आली होती. नाव लिहीत नाही. माणूस वादग्रस्त होता आणि बोलण्यात असा वस्ताद की कॅमेरामनसुद्धा फ्रेम विसरून ऐकत बसायचा. दिग्दर्शकाने त्याला ठेवीदारांच्या पैशांबद्दल तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा तो आपल्या आईबद्दल बोलला. दुष्काळात तिने मुलांना कसं जगवलं, पदरात भाकरी बांधून ती किती कोस चालायची, वगैरे. ऐकून डोळ्यांत पाणी यायचं. मी तिन्ही प्रश्न कापले आणि आईच्या आठवणीतलं सर्वांत सुंदर उत्तर ठेवलं, खाली हलकी बासरी टाकली. ठेवीदारांची बाजू आली पाहिजे म्हणून दोन ठेवीदारांचे बाइटही घेतले, मोजून. बाजू दोन्ही आल्या होत्या. तालुक्याच्या गावी नाट्यगृहात खेळ झाला. संपल्यावर एक बाई माझ्याजवळ आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक होतं. पाऊस नव्हता, तरी पिशवीत होतं. तिने ते उघडून शेवटच्या नोंदीवर बोट ठेवलं आणि अगदी शांतपणे विचारलं, “ताई, पिक्चर चांगला केला तुम्ही. पण ह्याच्यात माझे पैसे कुठं गेले ते त्याला कुणी विचारलंच नाही का?”

विचारलं होतं, तीनदा. ते माझ्या टाइमलाइनच्या बाहेर पडलं होतं.

तुमच्या मालिकेत शीला स्वित्झर्लंडमधल्या आपल्या घरात बसून बोलतात. आखूड पांढरे केस, चष्मा, आणि डोळ्यांत एक खट्याळ धार. त्यांच्यासारखी पडद्याला वश करणारी व्यक्ती मिळणं म्हणजे संकलकाचं भाग्य, यात शंका नाही. तुम्ही त्यांना भरपूर वेळ दिलात. इतका वेळ दुसऱ्या कोणाच्याच वाट्याला आलेला नाही. त्या रजनीशांवरच्या प्रेमाबद्दल सांगतात, मरण पावलेल्या पहिल्या नवऱ्याबद्दल सांगतात, आपल्याला कसं एकटं पाडलं गेलं ते सांगतात. हे सगळं खरं असेल. पण त्या ज्या ज्या वेळी सॅलड बारच्या विषबाधेजवळ येतात त्या त्या वेळी बोलणं निसटतं, आणि तुमचा कट त्यांच्याबरोबर निसटतो. तिथे मला थांबवून धरणारा एक आवाज हवा होता. एवढाच: “शीला, १९८६ साली न्यायालयात तुम्हाला ज्याबद्दल शिक्षा झाली, ते आज मान्य आहे का?” त्यांनी उत्तर दिलं नसतं तरी चाललं असतं. न दिलेलं उत्तर पडद्यावर फार बोलतं.

त्या विषबाधेकडे थोडं थांबून पाहू या, कारण अचूकपणा आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतं.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९८४. वॉस्को काउंटीचं मुख्य ठाणं असलेलं द डॅल्स. गावातल्या दहा उपाहारगृहांत सॅलडमध्ये, त्यावरच्या ड्रेसिंगमध्ये, कॉफीच्या दुधात साल्मोनेला मिसळला गेला. ७५१ माणसं आजारी पडली, ४५ जणांना इस्पितळात ठेवावं लागलं. नोव्हेंबरच्या काउंटी निवडणुकीत गावकऱ्यांना मतदानापासून लांब ठेवता येईल का, याची ती चाचणी होती. कोणी दगावलं नाही. अमेरिकेतला जैविक अस्त्रांचा हा पहिला मोठा हल्ला समजला जातो. हे आकडे तुमच्याकडे बरोबर आहेत. तुम्ही खोटं काही सांगितलेलं नाही.

पण त्या गावात पुढे वर्षभर काय झालं? सरकारी आरोग्य खात्याच्या पहिल्या तपासात दोष गेला तो हॉटेलात काम करणाऱ्यांवर, त्यांनी हात नीट धुतले नसणार म्हणून. भांडी घासणाऱ्या, काकड्या चिरणाऱ्या, तासावर मजुरी घेणाऱ्या माणसांवर. त्यांच्यातले बरेचजण स्वतःही आजारी पडले होते. फेब्रुवारी १९८५ मध्ये ऑरेगनचे काँग्रेस सदस्य जिम वीव्हर यांनी वॉशिंग्टनच्या सभागृहात उभं राहून हे मुद्दाम केलेलं विष आहे असं सांगितलं, तेव्हा त्यांच्यावरच पूर्वग्रहाचा ठपका आला. शीला सप्टेंबरात पळून गेल्या, रजनीशांनी पत्रकारांना बोलावून स्वतःच त्यांच्यावर आरोप केले, ऑक्टोबरात पोलीस रँचवरच्या प्रयोगशाळेत शिरले आणि त्याच जातीच्या जंतूची कुपी सापडली, तेव्हा कुठे त्या कामगारांच्या हातांवरचा डाग पुसला गेला.

तेरा महिने! एखाद्या आचाऱ्याच्या, एखाद्या वेट्रेसच्या आयुष्यात तेरा महिने म्हणजे काय? मुलांच्या शाळेत, चर्चमध्ये, किराणा दुकानाच्या रांगेत लोक तिच्या हातांकडे पाहत असतील. तुमच्या मुख्य मुलाखतींच्या खुर्च्यांत त्या हॉटेलांतलं कोणी बसलेलं मला दिसलं नाही. तुमच्या मालिकेत द डॅल्स हा कथानकातला एक धक्का आहे. जुन्या बातमीपत्रांचे तुकडे, मग काळजाचा ठोका वाढवणारं संगीत, मग पुढचा धक्का. आणि मग पुन्हा शीला.

निवडणुकीसाठी देशभरातल्या शहरांतून बसमध्ये भरून आणलेल्या हजारो बेघर माणसांचंही तेच. जुन्या फितींत ते हसतात, जेवतात, काहीजण म्हणतात की इतक्या प्रेमाने आम्हाला कोणी वागवलं नव्हतं. तुम्ही ते प्रेमाने ठेवलंत. मग त्यांच्या बिअरमध्ये गुंगीचं औषध घातलं गेल्याचं कळतं, मग त्यांना आसपासच्या गावांत सोडून दिलं जातं, आणि मालिका त्यांना तिथेच सोडते. काउंटीचे आयुक्त रँचच्या पाहणीला आले होते, त्यांतल्या दोघांना पेल्यातून विषारी पाणी दिलं गेलं आणि एक मरता मरता वाचले. तो पाण्याचा पेला हा माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा सर्वांत भयंकर क्षण आहे. उन्हातून आलेल्या पाहुण्याला पाणी देणं ही गोष्ट जगात सगळीकडे एकाच अर्थाने केली जाते. मी संकलक असते तर त्या पेल्यावर थांबले असते. पुढचा शॉट लावायची घाई केली नसती.

तुम्ही म्हणाल, सहा भागांत किती मावणार? हा युक्तिवाद मी रोज ऐकते आणि रोज करते. पण सहा भाग म्हणजे साडेसहा तासांच्या आसपास. इतका वेळ असताना काय मावलं नाही, याला जागेची अडचण म्हणता येत नाही.

आता पुण्याबद्दल.

रजनीश १९७४ साली कोरेगाव पार्कात आले आणि १९८१ पर्यंत तिथे होते. सात वर्षं. ऑरेगनमध्ये ते चार वर्षांहून थोडेच अधिक होते. तुमच्याकडे ही सात वर्षं पहिल्या भागातली रंगीत प्रस्तावना आहे: ध्यान, नाच, डोळे मिटलेले चेहरे, आणि मग विमान. पण रजनीशपुरममध्ये जे जे विपरीत घडलं त्यातल्या पुष्कळ गोष्टींची सवय पुण्यात लागली होती. थेरपीच्या गटांत मारामारी व्हायची, हाडं मोडायची, आणि तिला साधनेचं नाव होतं. जमीन आणि करसवलतीवरून सरकारशी भांडण पुण्यात झालं. बाहेरचं जग आपल्या वाईटावर आहे ही भावना पुण्यात पक्की झाली. १९८० साली तर प्रवचनात त्यांच्या दिशेने सुरा फेकला गेला. आणि रजनीशांच्या आधीच्या सचिव लक्ष्मी यांच्या हातातून कारभार शीलांच्या हाती गेला तो याच काळाच्या शेवटी. जर्मन दिग्दर्शक वोल्फगांग डोब्रोवोल्नी यांनी १९७९ साली पुण्याच्या आश्रमात जाऊन फिल्म केली होती. त्यातली थेरपीच्या गटाची दृश्यं तुम्ही वापरलीत, पण कशी? अँटिलोपचे लोक ती पाहून हादरले, हे सांगण्यासाठी. त्या खोलीत जे चाललं होतं ते काय होतं, त्यात कोणाची संमती होती, कोणाची नव्हती, हे कोणालाच विचारलं गेलं नाही. गावकऱ्यांच्या हादरण्याची ती नुसती सामग्री झाली.

आणि पुण्याच्या बाजूने म्हणावं तर आश्रमाच्या भिंतीबाहेर एक आख्खं शहर होतं. रिक्षावाले, डाळ-तांदूळ पुरवणारे वाणी, खोल्या भाड्याने देणाऱ्या पारशी बायका, आश्रमात झाडलोट करणाऱ्या बायका, पोलीस, वर्तमानपत्रवाले. त्यांना या माणसांबद्दल राग होता, कुतूहल होतं, कधी जिव्हाळाही होता. माझ्या मामांना अजून एका संन्याशाचं माप आठवतं: “छाती बेचाळीस, पण खांदे पडलेले. सारखा रडायचा. मी त्याला चहा द्यायचो.” हे सगळं तुमच्या मालिकेत हवं होतं असा माझा हट्ट नाही. पण गोष्ट अमेरिकेच्या जमिनीवर सुरू केलीत, त्यामुळे ती अमेरिकेतल्या दोन बाजूंची गोष्ट झाली. दोन बाजू ठरल्या की तराजू समान धरणं सोपं जातं. ज्याचं वजन तराजूत टाकायचंच राहिलं त्याचा हिशेब मग कोणी मागत नाही.

त्यात सर्वांत जड वजन मुलांचं होतं. कम्यूनमध्ये आईबापांपासून वेगळी वाढलेली मुलं, पुण्यात, इंग्लंडमध्ये, ऑरेगनमध्ये. त्यांच्यावर काय गुजरलं हे मारोएश्या पेरिझोनियस यांनी सांगितलं आहे. त्या स्वतः त्या कम्यूनमध्ये वाढलेल्या. २००४ साली त्यांनी स्वतःच्या बालपणावर फिल्म केली होती, म्हणजे तुमच्या चौदा वर्षं आधी. २०२४ च्या ‘चिल्ड्रन ऑफ द कल्ट’मध्ये तर लैंगिक शोषणाच्या साक्षी आहेत. तुमच्याकडे हा विषय नाही. तुमच्या फुटेजमध्ये मुलं आहेत, शेतातून पळणारी, लाल कपड्यांतली, हसरी. तुम्ही ती आनंदाच्या प्रसंगांत लावलीत. पहिल्या वेळी पाहताना मीही हसले होते. चौथ्या वेळी मला ते शॉट बघवले नाहीत.

तुमच्यावर टीका दोन्ही बाजूंनी झाली आहे. ऐंशीच्या दशकात ऑरेगनमधून रजनीशांविषयी सतत लिहिणारे विन मॅककॉर्मॅक यांनी ‘द न्यू रिपब्लिक’मध्ये म्हटलं की या पंथाची ओढ आणि आतलं क्रौर्य तुमच्या हाती लागलंच नाही. अनेक संन्याशांची तक्रार नेमकी उलटी: ध्यान, प्रवचनं, ज्यासाठी हजारो माणसं घरदार सोडून आली ते कुठेच नाही, सगळं गुन्ह्यांपुरतं उरलं. दोन्ही बाजू रागावल्या म्हणजे आपण मधोमध उभे आहोत, असं आमच्या धंद्यात समाधान करून घेतात. मीही घेतलं आहे. ते खरं नसतं. दोन्ही बाजू दोन वेगळ्या कारणांनी बरोबर असू शकतात, आणि इथे मला तसंच वाटतं. लोक रजनीशांकडे का खेचले गेले हे न सांगितल्यामुळेच त्यांनी पुढे जे केलं ते समजत नाही. विष मिसळणारे हात आदल्या वर्षी शेतात भाजी लावत होते, हे नुसतं दाखवून भागत नाही. त्या हातांच्या मालकाला विचारावं लागतं.

आणि तुम्हाला विचारता येतं, हे मला ठाऊक आहे, कारण एका ठिकाणी तुम्ही ते केलं आहे. जेन स्टॉर्क. ऑस्ट्रेलियाहून पुण्याला आलेली गृहिणी, पुढे शीलांच्या आतल्या वर्तुळातली, रजनीशांच्या डॉक्टरांना विषारी इंजेक्शन टोचणारी. त्या बोलतात तेव्हा तुमचा कॅमेरा तोच, उजेड तोच, पण कट वेगळा आहे. तुम्ही त्यांचं थांबणं ठेवलंत. शब्द सापडत नाहीत तो वेळ ठेवलात. त्यांच्या चेहऱ्यावर एक माणूस स्वतःच्याच कृत्यासमोर उभा राहतो तेव्हा काय होतं ते दिसतं. तिथे प्रश्न ऐकू आला नाही तरी चालतो, कारण तो त्यांच्या आतूनच येतो आहे. शीलांच्या बाबतीत तो आतून येत नाही. म्हणून तो बाहेरून यायला हवा होता. एकच नियम सगळ्यांना लावलात, हा समान वागणुकीचा आग्रह मला कळतो. पण पश्चात्तापाने बोलणाऱ्याला आणि अभिमानाने बोलणाऱ्याला सारखीच मोकळीक दिली की अभिमान जिंकतो. तो दिसायलाच देखणा असतो.

पुढे जे झालं ते तुम्ही पाहिलंच असेल. मालिकेला एमी मिळाली, आणि शीला नव्याने प्रसिद्ध झाल्या. त्यांची उद्धट उत्तरं लोकांनी टी-शर्टांवर घेतली. २०१९ मध्ये त्या भारतात आल्या, करण जोहर यांनी त्यांची जाहीर मुलाखत घेतली, २०२१ मध्ये ‘सर्चिंग फॉर शीला’ नावाची फिल्म आली. त्यांना झालेली शिक्षा वीस वर्षांची. अटकेपासून मोजलं तर सव्वातीन वर्षांत त्या बाहेर आल्या. शिक्षा भोगलेल्या माणसाला नवं आयुष्य मिळावं, याच्या मी विरोधात नाही. स्वित्झर्लंडमध्ये त्या गेली अनेक वर्षं वृद्ध आणि अपंग माणसांसाठी घरं चालवतात, हेही खरं आहे आणि त्याची नोंद व्हायलाच हवी. पण माझ्या हाताखाली शिकणाऱ्या एका वीस वर्षांच्या मुलीने तुमची मालिका पाहून मला सांगितलं, “शीला कसल्या भारी आहेत ना!” मी तिला विचारलं, किती लोक आजारी पडले होते? तिला आठवेना. चाळीस-पन्नास असतील, म्हणाली. मुलगी हुशार आहे, चित्रभाषा उत्तम समजते. तिने तुमच्या मालिकेचं वाचन चुकीचं केलं असं मला म्हणता येत नाही. तुमच्या कटमध्ये जे वजनदार होतं ते तिच्या लक्षात राहिलं.

रजनीशांना किती ठाऊक होतं, हा प्रश्न तुम्ही शेवटपर्यंत लोंबकळत ठेवलात. शीला म्हणतात सगळं त्यांच्या सांगण्यावरून. रजनीशांचे वकील डोळ्यांत पाणी आणून म्हणतात की तो माणूस निरागस होता. रजनीश १९ जानेवारी १९९० ला इथे पुण्यात गेले. त्यांना आता विचारता येत नाही. इथे निकाल न देणं मला योग्य वाटतं, कारण पुरावा जिथवर जातो तिथवरच जाणं हा आपला धर्म आहे. पण पुरावा कुठवर जातो हे प्रेक्षकाला सांगणं, न्यायालयात काय सिद्ध झालं, काय नुसतं बोललं गेलं, यांच्यात रेघ ओढणं, तेवढं काम निवेदक नसतानाही करता येतं. पडद्यावरची एक साधी ओळ पुरते.

माझी विनंती फार मोठी नाही. मालिका बदला असं मी म्हणणार नाही. लोकांपुढे गेलेली फिल्म नंतर हळूच बदलणं मला आवडत नाही. पण शीलांच्या मुलाखतीच्या मूळ रशेस तुमच्याकडे असतीलच. त्या ऑरेगन हिस्टॉरिकल सोसायटीकडे द्या, जिथून तुम्ही ते ३०० तास घेतलेत. न कापलेल्या. तुमच्या आवाजासकट, तुमच्या खोकण्यासकट, उत्तर येण्याआधीच्या शांततेसकट. चाळीस वर्षांनी तुमच्यासारखे कोणी दोघे भाऊ त्या फिती शोधत येतील, तेव्हा तुम्ही काय विचारलं होतं हे त्यांना ऐकू यायला हवं.

मी माझ्या परीने सुरुवात केली आहे. पतसंस्थेच्या त्या फिल्मच्या टेप माझ्याकडे होत्या, बुरशी लागायला आलेल्या. गेल्या महिन्यात त्या साफ करून डिजिटाइझ करून घेतल्या. तिसऱ्या टेपवर, चौतिसाव्या मिनिटाला, दिग्दर्शकाचा प्रश्न आहे. त्यानंतर अकरा सेकंद संस्थापक काहीही बोलत नाही. बाहेर कुठेतरी एसटीचा हॉर्न वाजतो. तो खिडकीकडे पाहतो, धोतराचा सोगा नीट करतो, आणि मग आईबद्दल बोलायला लागतो. त्या बाईचा पत्ता माझ्याकडे नव्हता, गावाचं नाव तेवढं होतं. पुढच्या रविवारी जाणार आहे.

तुमची,
पुण्यातली एक संकलक